स्थिर कर्नल आवृत्त्यांमधील स्मृती व्यवस्थापनाच्या बदलांचे बॅकपोर्टिंग : स्वरूप, अडचणी आणि वऱ्हाडातील वापरकर्त्यांच्या दृष्टीने महत्त्व

सारांश

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल होय. कर्नलच्या नव्या आवृत्तीत झालेली दुरुस्ती जुन्या, स्थिर आवृत्तीत नेऊन बसविण्याच्या कामाला बॅकपोर्टिंग असे म्हणतात. स्मृती व्यवस्थापनाच्या विभागात हे काम विशेष जोखमीचे ठरते, कारण या विभागातील प्रत्येक ओळ आजूबाजूच्या अनेक गृहीतकांवर उभी असते. प्रस्तुत लेखात लिनक्स कर्नलमधील काही प्रत्यक्ष घटनांच्या आधारे या कामाचे स्वरूप स्पष्ट केले आहे. दुरुस्ती लिहिली जाणे आणि ती सामान्य वापरकर्त्याच्या यंत्रापर्यंत पोहोचणे यांत किती अंतर असते, हेही त्यातून दाखविले आहे. लेखाच्या शेवटी अमरावती व अकोला परिसरातील महाविद्यालयांसाठी काही सूचना केल्या आहेत.

बीजशब्द : कर्नल, स्मृती व्यवस्थापन, स्थिर आवृत्ती, बॅकपोर्ट, पॅच, डर्टी काऊ.

१. प्रस्तावना

पदवी व पदव्युत्तर वर्गांत ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकविताना पेजिंग, आभासी स्मृती, पृष्ठ बदलण्याच्या पद्धती या घटकांवर बराच भर दिला जातो. विद्यार्थी आकृत्या काढतात, उदाहरणे सोडवितात आणि परीक्षेत उत्तमरीत्या उत्तरेही लिहितात. परंतु या संकल्पना ज्या प्रत्यक्ष कर्नलमध्ये साकार झालेल्या असतात तो कर्नल सतत बदलत असतो, त्यात दोष सापडत असतात आणि त्या दोषांची दुरुस्ती जगभरातील जुन्या यंत्रांपर्यंत पोहोचवावी लागते, ही बाजू वर्गात क्वचितच येते.

वास्तविक पाहता आपल्या भागातील बहुसंख्य लोक कर्नलची अगदी नवी आवृत्ती कधीच वापरत नाहीत. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सर्व्हर एकदा बसविला की वर्षानुवर्षे तसाच चालतो. दर्यापूर किंवा मूर्तिजापूर तालुक्यातील शेतकऱ्याच्या हातात असलेला अँड्रॉइड फोन हाही लिनक्स कर्नलवरच चालतो आणि त्या फोनमधील कर्नल बहुधा विक्रीच्या वेळीच दोन-तीन वर्षे जुन्या मालिकेतील असतो. अशा परिस्थितीत जुन्या आवृत्तीची निगा कोण व कशी राखतो, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा उरत नाही. त्याचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. कर्नल आणि स्मृती व्यवस्थापन : थोडक्यात परिचय

संगणकावर एकाच वेळी अनेक कार्यक्रम चालतात. परंतु प्रत्यक्ष स्मृती मात्र एकच असते. प्रत्येक कार्यक्रमाला स्वतंत्र जागा मिळाल्याचा आभास निर्माण करणे, एकाची जागा दुसऱ्यापासून सुरक्षित ठेवणे, जागा अपुरी पडल्यास कोणती पृष्ठे बाहेर काढावयाची ते ठरविणे, ही सर्व कामे कर्नलचा स्मृती व्यवस्थापन विभाग करतो. स्मृतीची वाटणी पृष्ठांच्या स्वरूपात होते व सामान्यतः एक पृष्ठ ४ किलोबाइटचे असते.

या विभागाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेणे आवश्यक आहे. एखाद्या उपकरणाच्या ड्रायव्हरमध्ये दोष असेल तर ते उपकरण वापरणाऱ्यालाच त्रास होतो. स्मृती व्यवस्थापनातून मात्र प्रत्येक कार्यक्रमाचे प्रत्येक काम जाते. तेथील चूक सर्वांना बाधते आणि पुष्कळदा ती चूक झाली त्या जागी न दिसता दुसऱ्याच ठिकाणी, दुसऱ्याच वेळी प्रकट होते. म्हणूनच या विभागातील बदल जुन्या आवृत्तीत नेताना अधिक सावधगिरी बाळगावी लागते.

३. स्थिर मालिकेचे नियम आणि त्यांमागील अनुभव

‘स्थिर’ या शब्दाला आज जो अर्थ आहे तो अनुभवातून आलेला आहे. लिनक्सची २.४ ही मालिका जानेवारी २००१ मध्ये स्थिर म्हणून प्रसिद्ध झाली. परंतु स्मृतीवर ताण पडला असता तिची कामगिरी समाधानकारक नव्हती. सप्टेंबर २००१ मधील २.४.१० या आवृत्तीत लिनस टोरवाल्ड्स यांनी रिक व्हॅन रील यांची स्मृती व्यवस्था काढून तिच्या जागी आंद्रेआ अर्कांजेली यांची नवी व्यवस्था बसविली. म्हणजे स्थिर म्हणविल्या जाणाऱ्या मालिकेच्या मध्यावरच तिचा पायाच बदलला गेला. ॲलन कॉक्स यांनी आपल्या शाखेत काही काळ जुनीच व्यवस्था चालू ठेवली. त्यामुळे एकाच मालिकेच्या नावाखाली दोन निरनिराळ्या स्मृती व्यवस्था नांदत होत्या. नवी व्यवस्था पुढे टिकली हे खरे. तथापि स्थिर मालिकेत एवढा मोठा बदल करणे कितपत योग्य, हा वाद त्या निमित्ताने ऐरणीवर आला.

मार्च २००५ मध्ये २.६.११ या आवृत्तीपासून ग्रेग क्रोआ-हार्टमन व ख्रिस राइट यांनी स्वतंत्र स्थिर मालिका सुरू केली आणि तिच्यासाठी नियम घालून दिले. त्यांतील प्रमुख नियम पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) बदल आधी मुख्य कर्नलमध्ये स्वीकारला गेलेला असावा.
(आ) तो निःसंशय अचूक असावा व त्याची चाचणी झालेली असावी.
(इ) आजूबाजूच्या संदर्भ ओळी धरून तो १०० ओळींपेक्षा मोठा नसावा.
(ई) तो लोकांना प्रत्यक्ष जाणवणारा दोष दूर करणारा असावा. ‘असे घडू शकेल’ एवढी शंका पुरेशी नाही.

यांपैकी पहिला नियम सर्वांत महत्त्वाचा होय. दुरुस्ती आधी जुन्या आवृत्तीत केली आणि नव्या आवृत्तीत करावयाची राहून गेली, तर वापरकर्ता नव्या आवृत्तीकडे गेल्यावर तोच दोष पुन्हा उद्भवेल. यासाठी प्रवाह नेहमी नव्याकडून जुन्याकडे, असा दंडक आहे.

स्थिर मालिकेसाठी बदल निवडताना काही प्रमाणात स्वयंचलित साधनांचाही उपयोग केला जातो. ही साधने बदलाचे वर्णन वाचून तो दुरुस्तीचा आहे किंवा नाही याचा अंदाज बांधतात. स्मृती व्यवस्थापन विभागाला मात्र या स्वयंचलित निवडीतून वगळण्यात आले आहे. या विभागाची धुरा सांभाळणारे अँड्र्यू मॉर्टन यांची भूमिका अशी की, जो बदल स्थिर मालिकेत जावा असे विभागातील जाणकारांनी विचारपूर्वक ठरवून तशी खूण केली असेल, तोच जावा. जेथे यंत्राच्या निवडीवर विसंबणे धोक्याचे आहे असे स्वतः कर्नलकारांनीच मानले, तो हा विभाग आहे.

४. कपाशीच्या वाणाचा दृष्टांत

बॅकपोर्टिंगची कल्पना समजण्यास वऱ्हाडातील वाचकाला दूर जावयाचे कारण नाही. अकोला येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे आणि महाबीजचे मुख्यालयही तेथेच आहे. आपल्या जमिनीत रुजलेल्या वाणात एखादा नवा गुण कसा आणावयाचा, हा प्रश्न येथील पैदासकारांना नवा नाही.

भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. बोंडअळीला प्रतिकार करणारे जनुक प्रथम अमेरिकेतील कोकर-३१२ या वाणात घातलेले होते. तो वाण जसाच्या तसा आपल्या शेतात पेरून भागले नसते, कारण आपली जमीन, पाऊस आणि हंगाम वेगळे आहेत. म्हणून त्याचा संकर भारतीय वाणाशी करण्यात आला आणि संततीचा पुन्हा पुन्हा त्याच भारतीय वाणाशी संकर करून तो एक गुण तेवढा उचलण्यात आला. याला बॅकक्रॉस पद्धत म्हणतात. पहिल्या बॅकक्रॉसनंतर सरासरीने ७५ टक्के, दुसऱ्यानंतर ८७.५ टक्के आणि सहाव्यानंतर सुमारे ९९ टक्के अंश मूळ वाणाचा होतो.

बॅकपोर्टिंग हे नेमके असेच काम आहे. नवा कर्नल हा दाता, जुना स्थिर कर्नल हा आपला रुजलेला वाण आणि दुरुस्ती हा उचलावयाचा गुण. पैदासकाराला आणखी एक अडचण येते. हव्या असलेल्या जनुकाच्या शेजारची नको असलेली जनुके त्याच्यासोबत चिकटून येतात. कर्नलमध्येही एक दुरुस्ती उचलू गेल्यास ती ज्या आधीच्या पाच बदलांवर उभी आहे तेही मागे लागतात. ते सर्व आणले तर स्थिर वाणाचे स्थैर्य जाते. न आणले तर दुरुस्ती रुजत नाही. या दोहोंमधील मार्ग काढणे हेच बॅकपोर्ट करणाऱ्याचे कौशल्य होय.

५. एका दुरुस्तीचा प्रवास : डर्टी काऊ

हे कौशल्य प्रत्यक्षात कसे लागते ते २०१६ मधील ‘डर्टी काऊ’ या दोषावरून चांगले स्पष्ट होते. येथील ‘काऊ’ म्हणजे गाय नव्हे. ‘कॉपी ऑन राइट’ या शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. अनेक कार्यक्रम एकच पृष्ठ वाचत असतील तर कर्नल सर्वांना एकच प्रत देतो. कोणी त्यावर लिहू लागला की त्याच्यापुरती वेगळी प्रत काढून देतो. तलाठी कार्यालयातील मूळ नोंदवही सर्वांनी पाहावी, परंतु ज्याला खाडाखोड करावयाची असेल त्याने झेरॉक्स काढून त्यावर करावी, असाच हा व्यवहार आहे.

दोष असा होता. केवळ वाचण्याची मुभा असलेल्या पृष्ठावर विशेष मार्गाने लिहिण्याची मागणी आली की कर्नल वेगळी प्रत काढी आणि ‘आता प्रत निघाली आहे’ असे गृहीत धरून मागणीवरील ‘लिहावयाचे आहे’ ही खूण पुसून टाकी. नेमक्या त्याच क्षणी कार्यक्रमाच्या दुसऱ्या धाग्याने ती प्रत फेकून दिली तर कर्नल पुन्हा पृष्ठ शोधी. परंतु आता मागणीवर लिहिण्याची खूण नसल्याने तो मूळ पृष्ठच देई आणि लेखन मूळ पृष्ठावर होई. अशा रीतीने सामान्य वापरकर्ता ज्या फाइलवर लिहिण्याचा त्याला अधिकार नाही तीही बदलू शके व त्याद्वारे संपूर्ण यंत्राचा ताबा मिळवू शके. हा दोष २००७ मधील २.६.२२ या आवृत्तीपासून अस्तित्वात होता.

टोरवाल्ड्स यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यावर दुरुस्ती केली. लिहिण्याची खूण पुसण्याऐवजी ‘प्रत काढली आहे’ अशी वेगळी खूण ठेवावयाची आणि ती खूण अद्याप खरी आहे की नाही हे पृष्ठाच्या नोंदीतील ‘डर्टी’ म्हणजे ‘बदललेले’ या चिन्हावरून तपासावयाचे, असे तिचे स्वरूप होते. बदल मोजक्या ओळींचा होता. २० ऑक्टोबर २०१६ रोजी ४.८.३, ४.७.९ आणि ४.४.२६ या स्थिर आवृत्त्या या दुरुस्तीसह प्रसिद्धही झाल्या.

येथपर्यंत सारे सोपे वाटते. परंतु दुरुस्तीच्या वर्णनातच तिच्या लेखकाने एक इशारा नोंदविला होता. याच दोषावर त्यांनी सुमारे अकरा वर्षांपूर्वी, २००५ मध्ये एक उपाय केला होता. पण आयबीएमच्या एस-३९० या मोठ्या संगणकांवर ‘डर्टी’ चिन्ह वेगळ्या रीतीने ठेवले जात असल्यामुळे तो मागे घ्यावा लागला होता. पुढे ३.९ या आवृत्तीत एस-३९० ची ती पद्धत बदलली, म्हणून २०१६ मधील उपाय शक्य झाला. याचा अर्थ असा की, ३.९ पूर्वीच्या कर्नलमध्ये हीच दुरुस्ती जशीच्या तशी नेली तर एस-३९० वर तिचा आधारच नाहीसा होतो. तेथे पृष्ठाची स्थिती वेगळ्या मार्गाने तपासावी लागते. दुरुस्तीच्या ओळी त्याच, पण त्यांच्याखालची जमीन वेगळी.

दुसरी अडचण साधी पण वारंवार येणारी आहे. २०१६ मध्ये हा भाग ‘जीयूपी’ या स्वतंत्र फाइलमध्ये होता. ही फाइल २०१४ मधील ३.१६ या आवृत्तीत वेगळी काढण्यात आली. त्यापूर्वी तोच मजकूर ‘मेमरी’ या मोठ्या फाइलमध्ये होता. म्हणून ३.१० सारख्या कर्नलमध्ये दुरुस्ती यंत्राकडून आपोआप लागत नाही; माणसाने जुना मजकूर वाचून योग्य जागा शोधावी लागते.

तिसरी बाब आवृत्ती क्रमांकाविषयीची आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ५ चा कर्नल २.६.१८ वर आधारलेला होता. दोष २.६.२२ मध्ये आला असे मानल्यास ही प्रणाली सुरक्षित ठरावयास हवी होती. तरीही तिच्यासाठी दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. वितरक कंपन्या जुन्या क्रमांकाच्या कर्नलमध्ये नव्या आवृत्त्यांतील कितीतरी बदल आणून बसवीत असतात. त्यामुळे कर्नलच्या नावातील आकडा हा त्याच्या अंतरंगाचा भरवशाचा दाखला नव्हे. ‘आपला कर्नल जुना, म्हणून त्यात नवा दोष नाही’ किंवा ‘आपला आकडा जुना, म्हणून दुरुस्ती आलेली नाही’, हे दोन्ही निष्कर्ष सारखेच घाईचे आहेत.

६. दुरुस्तीची दुरुस्ती

स्मृती व्यवस्थापनात एक दुरुस्ती पुष्कळदा दुसरीला जन्म देते. डर्टी काऊच्या दुरुस्तीचा आधार ‘डर्टी’ चिन्हावर होता. परंतु मोठ्या आकाराच्या पृष्ठांच्या बाबतीत कर्नलमध्ये अशी एक वाट होती की, पृष्ठ नुसते वाचले तरी त्यावर हे चिन्ह उमटे. त्यामुळे त्या पृष्ठांपुरता तोच दोष वेगळ्या रूपात पुन्हा उभा राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो उजेडात आला व त्यावर स्वतंत्र दुरुस्ती झाली. ज्यांनी पहिली दुरुस्ती जुन्या कर्नलमध्ये नेली होती त्यांना दुसरीही न्यावी लागली.

दुसरे उदाहरण जून २०१७ मधील ‘स्टॅक क्लॅश’चे आहे. प्रत्येक कार्यक्रमाचा स्टॅक खालच्या दिशेने वाढतो. तो वाढत जाऊन शेजारच्या स्मृतीवर आदळू नये म्हणून मध्ये रिकामी जागा राखलेली असते. शेताच्या दोन धुऱ्यांमध्ये सोडलेल्या पट्ट्यासारखी. २०१० पासून हा पट्टा केवळ एका पृष्ठाचा होता. एवढा अरुंद पट्टा उडी मारून ओलांडता येतो असे दिसून आल्यावर ह्यू डिकिन्स यांच्या बदलाने तो २५६ पृष्ठांचा, म्हणजे ४ किलोबाइटच्या पृष्ठावर १ मेगाबाइटचा करण्यात आला. बदल लगेच स्थिर मालिकांत गेला आणि लगेचच तक्रारी आल्या. जावाचे काही कार्यक्रम स्वतःच स्टॅकच्या तोंडाशी आपली राखीव पृष्ठे ठेवीत असत. नव्या रुंद पट्ट्यामुळे ते बंद पडू लागले. डेबियनने १९ जून रोजी दिलेल्या दुरुस्तीनंतर २७ जून रोजी सुधारित दुरुस्ती दिली. मुख्य कर्नलमध्येही पाठोपाठ पूरक बदल करावे लागले.

या घटनेत कोणाचा निष्काळजीपणा नव्हता. पट्टा रुंद करणे आवश्यकच होते. पण जुन्या कर्नलवर चालणारे कार्यक्रम त्याच्या न लिहिलेल्या वागणुकीवरही विसंबून असतात आणि ती वागणूक बदलली की ते कोलमडतात. म्हणून एखादा बदल बॅकपोर्ट केल्यावर काम संपत नाही. त्या बदलाच्या मागून मुख्य कर्नलमध्ये आणखी कोणते बदल येत आहेत यावर लक्ष ठेवावे लागते. कर्नलमध्ये प्रत्येक दुरुस्तीवर ‘ही अमुक बदलातील चूक दुरुस्त करते’ अशी खूण लिहिण्याची जी प्रथा आहे तिचा खरा उपयोग येथे होतो.

याच्या उलट प्रकारही घडतो. २०२३ मधील ‘स्टॅकरॉट’ हा दोष ६.१ आणि त्यापुढील आवृत्त्यांतच होता. स्मृतीचे विभाग नोंदविण्यासाठी पूर्वी वापरात असलेल्या वृक्षाच्या जागी ६.१ मध्ये ‘मेपल ट्री’ ही नवी रचना आली. स्टॅक वाढविताना केवळ वाचनाचे कुलूप घेण्याची जुनी पद्धत जुन्या रचनेत चालून जात असे. नव्या रचनेत तीच पद्धत घातक ठरली. १५ जून २०२३ रोजी कळविलेल्या या दोषाची दुरुस्ती १ जुलै रोजी ६.१.३७, ६.३.११ व ६.४.१ या आवृत्त्यांतून प्रसिद्ध झाली. जुन्या ५.१५ किंवा ५.१० मालिकांना तिची गरजच नव्हती. कोणती दुरुस्ती न्यावयाची नाही हे ओळखणे हाही बॅकपोर्टिंगचाच भाग आहे.

७. अंतर वाढत जाते तेव्हा

मुख्य कर्नल पुढे जातो तसतसे जुन्या मालिकेशी त्याचे अंतर वाढते. स्मृती व्यवस्थापनात हे अंतर गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढले आहे. २०२० मधील ५.८ या आवृत्तीत स्मृतीच्या नकाशावरील मुख्य कुलपाचे नाव व ते वापरण्याची रीत बदलली. म्हणून त्यानंतरची कोणतीही संबंधित दुरुस्ती ५.४ मध्ये नेताना त्या ओळी हाताने जुन्या रीतीत उतरवाव्या लागत. जानेवारी २०२२ मधील ५.१६ मध्ये ‘फोलिओ’ ही संकल्पना आली आणि तेव्हापासून पृष्ठांवर आधारलेला मजकूर टप्प्याटप्प्याने फोलिओच्या भाषेत लिहिला जात आहे. ५.१५ आणि ५.१० यांना ही भाषा ठाऊक नाही. नाव बदलणे हे सोपे काम, परंतु ६.४ मध्ये आलेल्या विभागनिहाय कुलपांसारख्या बदलात अर्थच बदलतो. नव्या कर्नलमध्ये ‘येथे अमुक कुलूप घेतलेले आहे’ हे गृहीत धरून लिहिलेली ओळ जुन्या कर्नलमध्ये विनातक्रार बसते, संकलितही होते, पण तेथे ते कुलूप घेतलेलेच नसते. असा दोष चाचणीत क्वचितच सापडतो आणि ताण पडल्यावर उफाळून येतो. न बसणारी दुरुस्ती त्रास देते. चुकीच्या जागी सहज बसणारी दुरुस्ती घात करते.

पहिल्या नियमाची मर्यादाही येथे दिसते. कर्नलमध्ये लहान वस्तूंना स्मृती पुरविणाऱ्या ‘स्लॅब’ या यंत्रणेचे उदाहरण महाराष्ट्राशी थोडे निगडित आहे. अनेक प्रोसेसर-गटांच्या मोठ्या यंत्रांवर प्रत्येक गटाला जवळची स्मृती मिळावी यासाठी २००५ मध्ये स्लॅबमध्ये मोठा बदल झाला व तो २.६.१४ मध्ये आला. त्या फाइलच्या शीर्षस्थानी ज्या चौघांची नावे नोंदली गेली त्यांत शाई फुल्थाइम व ख्रिस्तोफ लामेटर यांच्यासोबत शोभित दयाल व आलोक कटारिया हे, पुण्यात विकसन केंद्र असलेल्या काल्सॉफ्ट या कंपनीचे दोन अभियंते होते. पुढे २००७ मध्ये ‘स्लब’ ही नवी यंत्रणा आली आणि मार्च २०२४ मधील ६.८ मध्ये स्लॅब काढून टाकण्यात आली. आता ६.१ किंवा ६.६ वर स्लॅब वापरणाऱ्याकडे एखादा दोष आढळला, तर ‘आधी मुख्य कर्नलमध्ये दुरुस्त करा’ असे म्हणता येत नाही, कारण तेथे ती फाइलच उरलेली नाही. अशा वेळी जुन्या आवृत्तीसाठी वेगळी दुरुस्ती लिहून तसे कारण नोंदवावे लागते.

दुरुस्तीऐवजी सुविधाच मागे आणण्याचा मोह वितरकांना होतो आणि तो सर्वस्वी अनाठायी नसतो. २०२२ मध्ये ६.१ मध्ये आलेली बहुपिढी एलआरयू पद्धत कोणती पृष्ठे बाहेर काढावयाची ते अधिक नेमकेपणे ठरविते. ती सादर करताना गूगलने आपल्या उपकरणांवरील निरीक्षणे दिली होती : स्मृती मोकळी करणाऱ्या प्रक्रियेचा प्रोसेसर-वापर सुमारे ४० टक्क्यांनी घटला आणि ॲप सुरू होण्याचा मध्यक वेळ १८ टक्क्यांनी कमी झाला. कमी स्मृतीच्या स्वस्त फोनवर याचा लाभ उघड आहे. म्हणून गूगलने ती आपल्या जुन्या ५.१५ वर आधारित अँड्रॉइड कर्नलमध्येही नेली. परंतु ही हजारो ओळींची भर स्थिर मालिकेच्या नियमात बसणारी नाही. ती नेणाऱ्याने तिची पुढील सर्व निगा स्वतः राखावयाची, हा त्यामागील अलिखित करार होय.

८. वऱ्हाडातील वापरकर्ता आणि दुरुस्तीचा शेवटचा टप्पा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. डर्टी काऊची दुरुस्ती ऑक्टोबर २०१६ मध्ये तयार होती. अँड्रॉइडच्या सुरक्षा पातळीत ती डिसेंबर २०१६ मध्ये अनिवार्य झाली. तरीही सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रो या संस्थेने ‘झेडएनआययू’ नावाचे अपायकारक ॲप उघडकीस आणले, जे याच दोषाचा उपयोग करून फोनचा ताबा घेत होते. ४० हून अधिक देशांत ते आढळले आणि बाधितांपैकी बहुसंख्य चीन व भारतातील होते. दुरुस्ती प्रसिद्ध होऊन अकरा महिने झाले होते. दोष शास्त्रज्ञांना माहीत होता, उपायही माहीत होता. तो फक्त त्या फोनपर्यंत पोहोचला नव्हता.

दुरुस्तीचा मार्ग लांब आहे. मुख्य कर्नलमधून ती दीर्घकालीन मालिकेत, तेथून अँड्रॉइडच्या सामाईक कर्नलमध्ये, तेथून चिप बनविणाऱ्याकडे, मग फोन बनविणाऱ्याकडे आणि शेवटी वापरकर्त्याच्या हातात असा हा प्रवास होतो. यांतील एक कडी तुटली की पुढील सर्व व्यर्थ. ही साखळी आखूड करण्यासाठी अँड्रॉइड १२ व कर्नल ५.१० पासून सर्वांना समान असा कर्नल व उत्पादकाचे स्वतंत्र भाग अशी विभागणी करण्यात आली. तिने एक नवे बंधन मात्र आणले. उत्पादकाचे भाग कर्नलच्या ज्या रचनांवर विसंबून असतात त्यांचा आकार बदलता येत नाही. स्मृती व्यवस्थापनातील दुरुस्तीला एखाद्या रचनेत नवे घर हवे असेल तर ती दुरुस्ती वेगळ्या तऱ्हेने लिहावी लागते.

काळाचीही मर्यादा आहे. ४.४ ही मालिका जानेवारी २०१६ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ४.४.३०२ या आवृत्तीनंतर तिची निगा थांबली. २०२३ मध्ये दीर्घकालीन मालिकांचा काळ सहा वर्षांवरून सामान्यतः दोन वर्षांवर आणण्याचे जाहीर झाले; गरज व मनुष्यबळ पाहून काही मालिकांना अधिक काळ दिला जातो. कारण स्पष्ट आहे. बॅकपोर्ट करणारी माणसे थोडी आहेत आणि जुन्या मालिका पुष्कळ.

याचा आपल्या भागाशी असलेला संबंध थेट आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या फोनवरून करतो. बँकेचे व्यवहार, अनुदानाचे संदेश, मुलांचे परीक्षा अर्ज हे सर्व त्याच फोनवर होते. हा फोन चार-पाच वर्षे वापरून घरातील दुसऱ्याला दिला जातो. उत्पादकाने दुरुस्ती देणे बंद केल्यानंतरचा काळच अनेक घरांत फोनच्या आयुष्याचा मोठा भाग असतो. बोंडअळीला प्रतिकार करणारे वाणही कायमचे पुरले नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने ते दाखवून दिले. तसेच कोणतीही कार्यप्रणाली एकदा सुरक्षित केली म्हणून कायमची सुरक्षित राहत नाही.

९. महाविद्यालयांसाठी काही सूचना

(१) ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकांत पृष्ठ बदलाच्या पद्धतींच्या उदाहरणांबरोबर एका प्रत्यक्ष दुरुस्तीचे वाचन समाविष्ट करावे. कर्नलचा संपूर्ण इतिहास गिट या साधनाद्वारे विनामूल्य उपलब्ध आहे. डर्टी काऊची दुरुस्ती यासाठी उत्तम, कारण ती लहान आहे आणि तिचे वर्णन सविस्तर आहे.

(२) विद्यार्थ्यांनी एकच दुरुस्ती दोन निरनिराळ्या स्थिर मालिकांमध्ये शोधून त्यांतील फरक टिपावेत व प्रत्येक फरकाचे कारण लिहावे. हे काम आभासी यंत्रावर करता येते. महागड्या साधनांची आवश्यकता नाही.

(३) दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी कर्नलसोबत येणाऱ्या स्वचाचण्या आणि लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट यांचा उपयोग करावा. डर्टी काऊसाठीची चाचणी या प्रोजेक्टमध्ये समाविष्ट आहे.

(४) प्रयोगशाळेतील प्रत्येक सर्व्हरच्या कर्नलची मालिका, तिच्या निगेची अंतिम मुदत व शेवटच्या अद्ययावतीकरणाची तारीख यांची नोंदवही ठेवावी. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. अशी प्रणाली अद्याप चालू असल्यास ती बदलणे हेच पहिले काम होय.

(५) राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत गावकऱ्यांच्या फोनमधील सुरक्षा पातळीची तारीख पाहून देण्याचा उपक्रम घेता येईल. ही तारीख फोनच्या सेटिंगमध्ये दिसते. ती वर्षापेक्षा जुनी असेल तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नयेत व अनोळखी ठिकाणाहून ॲप घेऊ नये, एवढा सल्लाही मोलाचा ठरेल.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, बॅकपोर्टिंग ही नक्कल करण्याची यांत्रिक क्रिया नसून ती जुना मजकूर समजून घेऊन त्यात नवा विचार रुजविण्याची क्रिया आहे. स्मृती व्यवस्थापनात दुरुस्तीच्या ओळींपेक्षा त्या ओळी ज्या गृहीतकांवर उभ्या आहेत ती अधिक महत्त्वाची असतात आणि जुन्या आवृत्तीत ती गृहीतके खरी आहेत की नाहीत हे माणसालाच तपासावे लागते. शक्य तितके थोडे न्यावे, पण जे न्यावे ते त्याच्या आवश्यक सोबत्यांसह न्यावे आणि नेल्यानंतर त्यावर लक्ष ठेवावे, हे या कामाचे सूत्र आहे.

नव्या शोधाचे कौतुक सर्वत्र होते. जुने नीट चालत ठेवणाऱ्याचे फारसे होत नाही. परंतु अकोट किंवा अचलपूरच्या बाजारात वापरला जाणारा फोन ज्या दुरुस्तीमुळे सुरक्षित राहतो, ती कोणीतरी जुन्या कर्नलमध्ये जागा शोधून, तपासून बसविलेली असते. आपल्या विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील विद्यार्थी अशा कामास निश्चितच सक्षम आहेत. त्यासाठी लागणारा मजकूर खुला आहे, साधने विनामूल्य आहेत आणि माणसांची उणीव जगभर जाणवत आहे. आवश्यकता आहे ती हा विषय वर्गाच्या फळ्यावरून प्रयोगशाळेच्या पडद्यावर आणण्याची.